तीन गाड्यांचा एक दिवस

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. धरणे आहेत, घाट आहेत, लेणी आहेत, साखर कारखाने आहेत, खोडदला जगातली नामांकित दुर्बीण आहे. पण आगगाडी नाही. मुंबईला जायचे तर एस. टी.ने माळशेज घाट उतरून, मुरबाड मागे टाकून कल्याण गाठावे, तेव्हा कुठे गाडीचा भोंगा कानी पडतो. पुण्याच्या बाजूला नाशिक फाट्यापर्यंत रूळ दिसत नाही. आपल्या कितीतरी घरांतली माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या वर्कशॉपात खपली. त्यांची उभी हयात लोकलमध्ये लटकून गेली. त्यांना आगगाडीचे काय कौतुक? पण गावी वाढणाऱ्या त्यांच्या नातवंडांचे काय?

अंगणवाडीच्या भिंतीवर वाहनांचा तक्ता असतो. त्यात बस, विमान, होडी आणि आगगाडी असते. आमच्या घरातल्या साडेतीन वर्षांच्या पोरीला आम्ही आगगाडीच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "हे काय गं?" ती चटकन म्हणाली, "उसाची गाडी." आम्ही हसलो, पण तिचे तरी काय चुकले? ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे जाणारा ऊस, हेच तिने पाहिलेले सर्वांत लांब वाहन. माडगूळकरांचे आगगाडीचे गाणे ती हात पुढे-मागे हलवून म्हणते. ज्या गाडीचे गाणे म्हणते ती गाडी मात्र तिने पाहिलेली नाही.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. चौतीस किलोमीटरची वाट, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे. १८५८ साली पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाट फोडून मुंबई-पुणे सलग जोडले गेले. म्हणजे मंचरपासून साठ किलोमीटरवर रेल्वे येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. तेवढे साठ किलोमीटर पुढे येणे काही तिला जमलेले नाही.

पुणे-नाशिक रेल्वेची बोलणी आम्ही लहानपणापासून ऐकतो. मध्यंतरी सुमारे २३५ किलोमीटरच्या वेगवान मार्गाचा आराखडा तयार झाला. त्यात मंचर, नारायणगावची नावे होती. कुणी जमिनीच्या भावाच्या गोष्टी करू लागले, कुणी जमीन जाईल म्हणून धास्तावले. पुढे खोडदच्या दुर्बिणीचा प्रश्न आला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. विजेवर धावणाऱ्या गाडीमुळे त्या कामात व्यत्यय येईल, म्हणून हा मार्ग होणार नाही, रेल्वे दुसऱ्या बाजूने न्यावी लागेल, असे केंद्र सरकारने सांगितले. यात बरोबर कोण, चूक कोण, तो वाद जाणकारांनी घालावा. आम्हाला इतके कळते की मार्ग ठरून, जमीन घेऊन, रूळ पडून गाडी येईपर्यंत आजची साडेतीन वर्षांची पोर कदाचित लग्नाला आलेली असेल. लहानपण काही सरकारी मंजुरीसाठी थांबत नाही.

तेव्हा आम्ही वस्तीतल्या पाच घरांनी मिळून ठरवले की पोरांना एक दिवस आगगाडीसाठी द्यायचा. पुण्याला एरवीही जाणे होते, पण ते दवाखान्यासाठी, कागदपत्रांसाठी नाहीतर कुणाच्या मयतीला. पोरे बरोबर असली तरी त्यांचा दिवस नसतो. हा दिवस त्यांचा ठेवायचा. दुसरे कोणतेही काम काढायचे नाही, कापडाच्या दुकानात शिरायचे नाही, नातेवाइकांकडे "जाता जाता" जायचे नाही.

घरात विरोध झालाच. आमच्या आबांनी मार्केट यार्डात हमाली करून संसार ओढलेला. ते म्हणाले, "रोज बुडवून पोरांना खेळण्यातली गाडी दाखवायला जाता? पैसे वर आलेत का?" त्यांचे बोलणे खोटे नव्हते. हातावर पोट असलेल्या घरात एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून आम्ही वहीत हिशेब मांडला. मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना एस. टी.त आणि रेल्वेत तिकीट नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. मोफत आहे. म्हणजे आबांचे तिकीटच नाही! डबे घरचे. लोकलचे तिकीट चहाच्या कपाएवढे. हिशेब ऐकून आबा गप्प बसले आणि निघायच्या दिवशी पहाटे सर्वांत आधी टोपी घालून ओट्यावर तयार.

मुलांच्या सहली कशा बिघडतात हे आपण पाहतोच. एका दिवसात सारे पुणे दाखवायचा हट्ट मोठ्यांचा असतो. शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचे प्राणी, शेवटी मॉल. पोर दुपारीच खांद्यावर मान टाकते आणि मग आपणच रागावतो की एवढा खर्च केला आणि हे झोपले! म्हणून आमच्यातल्या बायकांनी सुरुवातीलाच बजावले की आगगाडी सोडून काही नाही. तीन गाड्या दाखवायच्या. एक खरी, एक जमिनीखालची आणि एक मुलांची.

पहिली गाडी लोकल. नाशिक रस्त्याने येणारी एस. टी. नाशिक फाट्याला थांबते. तिथून कासारवाडी स्टेशन जवळ आहे. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा सकाळचीच वेळ धरावी.

आम्ही लोकलच्या बऱ्याच आधी पोहोचलो आणि ते फार चांगले झाले. लहान मुलाला गाडीत बसण्याआधी गाडी पाहू द्यावी. फलाटावर मागे, भिंतीला टेकून बसलो. पोरांना आधी रूळच दिसले. "आबा, ही लोखंडाची वाट कुठं जाते?" "मुंबईला." "आणि तिकडं?" "तिकडं पुण्याला, पुढं पार मद्रासपर्यंत." हे विचारणे चालू असतानाच एक न थांबणारी लांब गाडी भोंगा वाजवत धडधडत गेली. फलाट हादरला. धाकटीने किंकाळी फोडून आजीच्या पदरात तोंड लपवले. दुसऱ्या घरचा चार वर्षांचा मुलगा मात्र जागच्या जागी नाचू लागला. एकाच आवाजाने एक मूल घाबरते आणि एक हरखते, यात शूर-भित्रे असे काही नाही. कुणी "घाबरट" म्हणायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. आजीने तिच्या कानांवर हात ठेवले आणि सांगितले, "पुढची आली की आपण दोघी मिळून कान झाकू." पुढची मालगाडी आली तेव्हा तिने स्वतःच कान झाकले, पण डोळे उघडे ठेवले. डबे मोजू लागली. तिला दहापर्यंतच येते, म्हणून पाच वेळा दहा झाले.

रुळांवरून नारिंगी अंगरखा घातलेला एक माणूस हातात हातोडा घेऊन चालत आला. वाकायचा, काही ठोकायचा, पुढे जायचा. पोरांनी विचारले, हा कोण? आबा सरसावून बसले. त्यांचे थोरले भाऊ भुसावळकडे गँगमन होते. आबांनी सांगितले की रूळ ज्या पट्ट्यांवर बसवलेले असतात त्यांच्या चाव्या सैल होतात, त्या हा माणूस रोज पायी चालत तपासतो आणि ठोकून घट्ट करतो. ऊन असो, पाऊस असो, कुणीतरी असे चालल्याशिवाय गाडी धावत नाही. "म्हणजे ड्रायव्हरपेक्षा हा मोठा?" नऊ वर्षांच्या पोरीने विचारले. आबा म्हणाले, "दोघंबी लागतात." पोरांनी हात हलवला. त्या माणसानेही हातोडा वर करून दाखवला. ड्रायव्हर व्हायचे असे म्हणणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. त्या दिवशी वस्तीतल्या दोघांना हातोडेवाला व्हायचे होते.

लोकलला वेळ होता. तेव्हा मोठ्या मुलांना बाबासाहेबांच्या पहिल्या आगगाडीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. १९०१ साल होते. कुटुंब साताऱ्यात राहत होते आणि वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलांना बोलावले. बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी ती पोरेच निघाली. त्यांच्यापैकी कुणीही तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती! नवे कपडे शिवले, नव्या टोप्या घेतल्या. स्टेशनवर खाऊला दोन-दोन आणे मिळाले आणि पोरांनी ऐटीत लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. गाडी सुटून जाईल या भीतीने धावत डब्यात चढली. इथपर्यंत ती गोष्ट आपल्या कुठल्याही पोरांची आहे.

पुढचे वाचकांना माहीत आहे. मसूरला उतरल्यावर न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवान गाडी विटाळेल म्हणून बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. जवळ डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून घास उतरला नाही.

मुले गप्प झाली. मग नऊ वर्षांची म्हणाली, "पण गाडीत तर त्यांना बसू दिलं ना?" हो, गाडीत बसू दिले. पैसे मोजून तिकीट काढले होते. आम्ही यावर आणखी काही बोललो नाही. चार वर्षांच्या मुलाने मात्र सगळ्या गोष्टीतून एकच धरून ठेवले होते. "आम्हाला पण लेमन पाहिजे." त्याला सांगितले, बागेत गेल्यावर.

लोकल आली. इथे सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण गर्दीत पोर हरवले तर सगळ्या दिवसाची माती होते. एका मोठ्याकडे एकच लहान, असे आधी नेमून द्यावे. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटले की कुणाचेच लक्ष राहत नाही. मुलाची बोटे धरू नयेत, मनगट धरावे. घामाने बोटे निसटतात. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे राहावे. रूळ ओलांडून पलीकडे जाणे कितीही सोयीचे वाटो, पुलावरूनच जावे. आपण ओलांडला की पोर तेच शिकते. प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवली होती. चढताना आधी एक मोठा, मग मुले, शेवटी दुसरा मोठा.

आत खिडकी मिळाली. दापोडी, खडकी, शिवाजीनगर. प्रवास थोडक्या मिनिटांचा, पण प्रश्न किती! गाडीला स्टेअरिंग नाही तर ती वळते कशी? उत्तर देताना आमची तारांबळ उडाली. मग आयटीआय केलेल्या एका मामाने सोपे करून सांगितले. गाडीच्या चाकाला आतल्या बाजूने कड असते, भाकरीच्या तव्याला असते तशी. ती कड रुळाच्या आत राहते, म्हणून रूळ वळला की चाकाला वळावेच लागते. ड्रायव्हर फक्त वेग वाढवतो आणि ब्रेक लावतो. लोकलला इंजिन कुठे दिसत नाही, कारण काही डब्यांच्या खालीच मोटारी असतात आणि वीज वरच्या तारेतून येते. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली असल्याने गाडी फिरवावी लागत नाही, ड्रायव्हरच चालत दुसऱ्या टोकाला जातो. हे ऐकून पोरे खूप हसली. त्यांना ते फार विनोदी वाटले. आम्हालाही त्या दिवशीच नीट कळले!

दुसरी गाडी मेट्रो. शिवाजीनगरचा एस. टी. स्टँड आता तिथे नाही, तो २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला. त्याच भागात आता मेट्रोचे भुयारी स्टेशन आहे. शिवाजीनगरहून जिल्हा न्यायालयापर्यंतचा भुयारी मार्ग ऑगस्ट २०२३ मध्ये आणि तिथून स्वारगेटपर्यंतचा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्टेशन तर जमिनीखाली शंभर फुटांहून खोल आहे. आपल्याकडच्या विहिरीपेक्षाही खोल, असे आबांनी पोरांना सांगितले.

मुलांना मेट्रोपेक्षा सरकता जिना अवघड गेला. आमच्यातल्या दोन आज्यांनाही! पोरांनी पाय ठेवायचा की नाही यात वेळ घातला आणि मागे माणसे खोळंबली. अशा वेळी लाजू नये. बाजूला साधा जिना असतो, लिफ्ट असते, तिने जावे. सुटलेला पदर, लुंगी, चपलेचा बंद सरकत्या जिन्यात अडकू शकतो, तेव्हा लहान मुलाला उचलून घ्यावे. गाडीत चकचकाट, गार हवा. बाहेर मात्र सगळा अंधार. धाकटी म्हणाली, "रात्र झाली." पाचच मिनिटांनी वर आल्यावर ऊन पाहून ती चक्रावली. मेट्रो मोठ्यांना आवडली. पोरांना तीत पाहण्यासारखे फारसे सापडले नाही, कारण खिडकीबाहेर काहीच नव्हते. नवे आणि महागाचे ते मुलांना अधिक आवडेल, हा आपला समज असतो.

स्वारगेटहून सारसबाग जवळ. आधी सावलीत बसून डबे उघडले. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. सरबताचे वचन होते, ते पाळले. चार वर्षांच्या मुलाने बाटलीतूनच पाहिजे म्हणून हट्ट धरला, तेव्हा ग्लासातले सरबत पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले. लहानांनी अर्धा तास डोळा लावला. ही दुपारची झोप कुणी काढून घेऊ नये. पुढचा सगळा आनंद तिच्यावर असतो.

आता तिसरी गाडी. सारसबागेला लागून पेशवे पार्क आहे. पूर्वी प्राणिसंग्रहालय इथेच होते, ते १९९९ मध्ये कात्रजला गेले. प्राणी गेले, पण 'फुलराणी' राहिली. ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ पासूनची. पुण्यातल्या तीन पिढ्या तिच्यात बसल्या. पुण्यात घरकामाला, बांधकामाला आलेल्या आपल्या बायाबापड्यांनीही सुट्टीच्या दिवशी आपली पोरे तिच्यात बसवली आहेत. बागेत जाऊन थोड्या पैशांत मिळणारे सुख म्हणून तिचे नाव घराघरांत आहे. आमच्यातली एक मावशी लहानपणी पाटील इस्टेटच्या वस्तीत वाढली. ती म्हणाली, "वडील दिवाळीला एकदाच आणायचे. तिकीट एकच काढायचे. मी गाडीत आणि ते बाजूनं पळत." हे सांगताना ती हसत होती. त्या दिवशी तिच्या दोन्ही पोरांबरोबर तीही गाडीत बसली.

रांग होती. रांगेत लहान मूल कंटाळते, म्हणून दोघांनी रांग धरली आणि बाकीच्यांनी पोरांना कुंपणापाशी नेले. फुलराणी फेरी मारून येताना दिसली तशी धाकटी ओरडली, "आजी, लोकलचं पिल्लू!" आजूबाजूचे लोकही हसले. गायीला वासरू, शेळीला करडू, तसे मोठ्या गाडीला हे पिल्लू, असा तिचा सरळ हिशेब. खरी गाडी आधी पाहिली होती म्हणूनच तिला पिल्लू ओळखता आले. नुसतीच फुलराणी दाखवली असती तर तिच्या मनात आगगाडी म्हणजे एवढीच राहिली असती. आधी मोठी आणि मग छोटी, हा क्रम आम्हाला फार उपयोगी पडला. ज्यांची मुले आवाजाला फार भितात त्यांनी उलटा क्रम धरायलाही हरकत नाही.

फेरी मिनिटा-दोन मिनिटांची. झाडांमधून वळसा घालून गाडी परत येते. सकाळी किंकाळी फोडणारी धाकटी या गाडीत आजीचा हात सोडून बसली. बसलेल्या पोरांचे चेहरे पाहायला मोठ्यांनी बाहेर उभे राहावे की आत बसावे, यावर आमच्यात मतभेद झाले. आमचे मत असे की तीन वर्षांच्या मुलाशेजारी मोठ्याने बसावे आणि सहा वर्षांच्याला एकटे बसू द्यावे. फोटो काढण्याच्या नादात मात्र एका बापाने आपल्या पोराला नीट पाहिलेच नाही. गाडी परत आली तरी तो मोबाइलमध्येच.

फेरी संपली आणि रडारड सुरू झाली. "परत!" सगळ्यांचे एकच म्हणणे. आणखी एका फेरीचे पैसे आम्ही आधीच बाजूला ठेवले होते आणि "दोन फेऱ्या, तिसरी नाही" असे सकाळीच सांगितले होते. तरी तिसऱ्यासाठी रडलीच. रडू द्यावे. रडणाऱ्या मुलाला चारचौघांत चापट मारून गप्प करण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे. ते रडणे पैशाची नासाडी झाली म्हणून नसते, गोड लागलेले संपले म्हणून असते. आजीने तिला कडेवर घेतले, गाडीला टाटा करायला लावले आणि फाटकापर्यंत पाठमोरी चालत नेले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

फुलराणी अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते आणि पालिकेच्या बागांना आठवड्याची सुट्टीही असते. तेव्हा पुण्यातल्या ओळखीच्या माणसाला आधी चौकशी करायला सांगावे. इतक्या लांबून जाऊन बंद फाटक पाहण्यासारखे दुःख लहान मुलाला दुसरे नाही.

दुसऱ्या दिवशी पोरे विहारासमोरच्या अंगणात जमली. एकमेकांचा सदरा धरून लांबलचक गाडी झाली. नऊ वर्षांची इंजिन, धाकटी शेवटचा डबा. एक जण काठीने जमिनीवर ठोकत पुढे चालला होता, तो चाव्या घट्ट करणारा. गाडी कळंबला थांबली, नारायणगावला थांबली, आळेफाट्याला बराच वेळ थांबली, कारण डब्यांना तहान लागली. आबा ओट्यावरून ओरडले, "अरे, खोडदजवळ आवाज करू नका, दुर्बीण हाय तिथं!" पोरांना काही कळले नाही, आम्ही मात्र पोट धरून हसलो.

ज्यांना पुण्याला जाणे शक्य नाही त्यांनी रिकाम्या काड्यापेट्या दोऱ्याने जोडून गाडी करून द्यावी, बाटलीची झाकणे चाके म्हणून लावावीत. अंगणवाडी सेविकांनी आणि महिला मंडळांनी सुट्टीत एक दिवस सगळ्या मुलांना मिळून लोकल दाखवायला न्यावे, ही आमची सूचना. फुलराणी जमली नाही तरी कासारवाडीच्या फलाटावर तासभर बसणे पुरेसे आहे. बसायला फलाट तिकीट काढावे, एवढेच.

मुले थोडी मोठी, सात-आठ वर्षांची असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर दाखवावे. ते १९९८ पासूनचे. जोशींनी आयुष्यभर या छंदापायी खपून एक संपूर्ण बुटके गाव उभे केले. त्यात सिग्नल आहेत, पूल आहेत, वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळ्या आपोआप धावतात आणि खेळ चालू असताना गावात रात्र होऊन दिवे लागतात. पाहून मोठेही थक्क होतात. पण तिथे हात लावायचा नाही, एका जागी बसून पाहायचे. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटे शिवशिवतात आणि अंधार झाला की ते रडते. म्हणून त्या वयात नको. जुन्या इंजिनाची गोडी लागलेल्या मुलाला मात्र तिथून उठवणे कठीण.

आणि जुन्नरच्या बाजूच्या लोकांना पुण्यापेक्षा माळशेजची वाट सवयीची. त्यांनी कल्याणहून कर्जतची लोकल धरून नेरळला उतरावे. तिथून माथेरानला डोंगर चढणारी छोटी गाडी आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून ती १९०७ साली सुरू केली. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरची नागमोडी चढण. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला होता, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद ठेवतात, तेव्हा दिवाळीनंतरचा बेत करावा. नेरळच्या तिकिटांसाठी फार रांग लागते, म्हणून जुन्नरहून पहिल्या एस. टी.ने निघण्याऐवजी आदल्या रात्री कल्याण-उल्हासनगरकडे कुणा पाहुण्याकडे मुक्काम केलेला बरा.